यानात हवा असते, मग सोयुझमध्ये पोशाख कशाला?

सातारकर_बाई:
परवा सातवीच्या मुलांना राकेश शर्मांची गोष्ट सांगत होते. ३ एप्रिल १९८४, सोयुझ टी-११ हे सोव्हिएत यान, सोबत मालिशेव आणि स्त्रेकालोव. फोटो दाखवला तर एका मुलीने विचारलं, "बाई, यानात हवा असतेच ना? मग आत बसून हेल्मेट कशाला?" मी "सुरक्षेसाठी" म्हटलं, पण तिचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. घरी येऊन जुने फोटो काढून बसले. १९६१ मध्ये गागारिनच्या अंगावर पोशाख आहे. १९६४ च्या वोस्खोद-१ मधले तिघे साध्या कपड्यांत आहेत. १९८४ मध्ये पुन्हा पोशाख! मधल्या काळात तो गेला कुठे? आणि तो घातलेली माणसं वाकून का चालतात? सोमवारी तिला नीट उत्तर द्यायचंय.

निशाचर:
जागा नव्हती म्हणून गेला. गागारिनचं व्होस्टोक एका माणसाचं यान होतं. वोस्खोद-१ साठी त्याच गोळ्यात कोमारोव्ह, फेओक्तिस्तोव्ह आणि येगोरोव्ह अशा तिघांना बसवायचं ठरलं. पोशाखासकट तिघं मावेनात, म्हणून पोशाख काढले आणि बाहेर फेकणारी खुर्चीही काढली. ते उड्डाण सुखरूप पार पडलं, आणि पुढे सोयुझमध्येही बिनपोशाखाचीच पद्धत राहिली. तो परत का आला ते 'प्रेशरटेस्ट' काकांनी लिहावं, त्यांचा हातखंडा विषय आहे.

प्रेशरटेस्ट:
ताई, तो परत आला ३० जून १९७१ मुळे.

सोयुझ-११ मधले तिघं: दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह. खरं तर ते राखीव पथक होतं. मूळ पथकातल्या कुबासोव्हच्या छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला, म्हणून अगदी ऐनवेळी हे तिघं गेले. सॅल्यूत-१ या अंतराळ स्थानकावर राहून तेविसाव्या दिवशी परत निघाले. स्थानकातून सुटण्याआधी यानाची झडप, म्हणजे दार, लावली, तरी 'झडप उघडी' हा दिवा विझेना. पुन्हा उघडली, पुन्हा आवळली, शेवटी सेन्सरखाली पट्टी चिकटवली तेव्हा दिवा विझला. मग दाबाची तपासणी केली. गळती नव्हती. झडप खरंच घट्ट बसली होती.

मी तीस वर्षं कॉम्प्रेसरच्या टाक्या तपासल्या. साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा येतो का बघायचं, गेजचा काटा हलतो का बघायचं. एकदा संध्याकाळी मी स्वतः पास केलेली टाकी टेंपोतून खड्ड्यांच्या रस्त्याने गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. व्हॉल्व्हपाशी फुसफुस. रात्री टाकी चांगलीच होती, व्हॉल्व्ह सैल झाला तो हादऱ्याने. सोयुझ-११ बद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती टाकी डोळ्यांसमोर आली आणि मी पुस्तक मिटून बसलो.

कारण तिथेही हादराच नडला. परतीच्या वाटेवर यानाचे भाग एकमेकांपासून स्फोटक बोल्टनी सुटतात. ते एकामागून एक फुटायला हवे होते, फुटले सगळे एकदम. त्या धक्क्याने हवेचा दाब सारखा करणारा एक छोटा व्हॉल्व्ह उघडला. त्याचं काम अगदी शेवटी, पॅराशूटखाली जमिनीजवळ आल्यावर बाहेरची हवा आत घ्यायची. तो उघडला १६८ किलोमीटरवर, जिथे बाहेर हवाच नाही. आतली सगळी हवा दोन मिनिटांच्या आत निघून गेली.

यान सापडलं तेव्हा आतले रेडिओ बंद केलेले होते. गळतीचा आवाज कुठून येतोय ते ऐकण्यासाठी ते बंद केले असावेत, असं मानलं जातं. मला ते लगेच पटलं. आमच्या शॉपमध्येही गळती सापडत नसली की आधी सगळी मशीनं बंद करायची आणि कान द्यायचा. पण आमच्यापाशी वेळ असायचा. त्यांचा व्हॉल्व्ह खुर्च्यांच्या खाली, हात पोचायला कठीण, आणि निर्वात जागेत माणूस जेमतेम दहा-पंधरा सेकंद शुद्धीवर असतो.

पुढचं सगळं यानाने आपोआप केलं. पॅराशूट उघडलं, कझाकस्तानात अलगद उतरलं. मदतपथकाने बाहेरून ठोठावलं. आतून उत्तर नाही. झडप उघडली तर तिघं खुर्च्यांत, अंग अजून उबदार. कृत्रिम श्वास देऊन पाहिला.

त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ सोयुझमधून माणूस गेला नाही. व्हॉल्व्ह सुधारला, पण तेवढ्यावर भागवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. यानाची भिंत दगा देऊ शकते असं गृहीत धरून प्रत्येकाला स्वतःची भिंत दिली. तोच हा 'सोकोल' पोशाख. सप्टेंबर १९७३ मध्ये सोयुझ-१२ गेलं तेव्हा तिसरी खुर्ची काढून फक्त दोघांना पाठवलं. तिघं पोशाखासकट बसू लागले ते १९८० पासून, सोयुझ-टी मध्ये. राकेश शर्मांचं उड्डाण त्यातलंच.

वाकण्याचं कारण सरळ आहे. पोशाख उभं राहण्यासाठी बेतलेलाच नाही. गुडघे छातीशी घेऊन खुर्चीत आडवं पडलेल्या माणसाच्या मापाने तो शिवलेला असतो, म्हणून उभं राहिलं की पाठ ओढली जाते.

सातारकर_बाई:
काका, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. दिव्याची गोष्ट मुलांना सांगणार आहे. पण पोशाखाला पुढून उघड असते ना, मग तिथून हवा जात नाही?

प्रेशरटेस्ट:
हीच त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. आतला हवाबंद थर पुढे मोठ्या पिशवीच्या तोंडासारखा उघडा असतो. माणूस त्यातून आत शिरतो. मग ते कापड चुण्या घालून गोळा करायचं, पिळायचं, दुमडायचं आणि रबरबँडने करकचून बांधायचं. वरून बाहेरचा थर बंद करायचा. उड्डाणाआधी बैकोनूरच्या प्रक्षेपण तळावर प्रत्येकाला खुर्चीत झोपवून पोशाख फुगवतात आणि गळती तपासतात.

वर्गात करून दाखवा. प्लॅस्टिकची जाड पिशवी घ्या, फुगवा, तोंड पिळून दुमडा, दोन रबरबँड लावा आणि बादलीतल्या पाण्यात दाबून धरा. त्या मुलीला बुडबुडे मोजू द्या. बुडबुडा आला तर तिलाच पुन्हा बांधायला सांगा.