अकाउंट्स आणि नवीन धंदा शिकवायला वर्गात काय करून घेता? नियम पाठ आहेत पण डोक्यात काही शिरत नाहीये

तेरीज_जुळेना:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ४५ मुलांचा वर्ग आहे, सगळी अकाउंट्स पहिल्यांदाच शिकतायत, तास ४० मिनिटांचा, कॉम्प्युटर लॅब नाही. प्रॉब्लेम असा की घेणारा नावे (डेबिट) देणारा जमा (क्रेडिट), येणारी वस्तू नावे जाणारी जमा, हे सगळं झोपेतून उठवलं तरी धडाधड म्हणतात, पण "मालकाने दुकानातला माल घरी वापरला" असं विचारलं की वर्गात शुकशुकाट. एक जण तर म्हणाला सर त्याचाच माल आहे, त्यात लिहायचं काय 😅 (तसा प्रश्न चांगलाच आहे म्हणा.)
दुसरं म्हणजे नवीन व्यवसायाचा प्रोजेक्ट. सहा ग्रुप केले, सहाही फायली नेटवरून उतरवलेल्या, कव्हर तेवढी वेगळी, आणि सगळ्यांना पहिल्याच महिन्यात नफा! क्विझ घेऊन बघितली, तेच तीन हात वर. कोणी वर्गात खरंच करून बघितलेलं असेल तर सांगा, ऐकीव नको.

जुनी_रोजकीर्द:
सर मी मुलांनाच खाती बनवते. एकाच्या गळ्यात रोखची पाटी, एक भांडवल, मग खरेदी, विक्री, भाडं, उचल (मालकाने स्वतःसाठी काढलेलं), एक ऋणको (आपलं देणं असलेला), एक धनको (ज्याचं आपण देणं लागतो), अशी दहाबारा पुरतात, बाकीचे रोजकीर्द, म्हणजे व्यवहार क्रमाने टिपायची वही, लिहितात. आता व्यवहार पुकारायचा. "भाडं दिलं ५००." ज्याच्याकडून गेलं तो, म्हणजे रोख, एका कागदाच्या दोन्ही अर्ध्यांवर ५०० लिहितो, मधून फाडतो, एक तुकडा स्वतःच्या उजव्या हातात ठेवतो आणि दुसरा भाड्याच्या डाव्या हातात देतो. डावा हात नावे, उजवा जमा. बास, एवढाच नियम, बाकी एकही सांगायचा नाही.
मग तुमचा तो घरी नेलेला माल. मुलं आपोआप भांडायला लागतात की तुकडा कोणी फाडायचा, विक्री म्हणते मी नाही, विकलाच कुठे, शेवटी खरेदी देते आणि उचल घेते. भांडवलाला विचारायचं हे तू का नाही घेतलंस, तेव्हा त्यांच्या लक्षात येतं की मालक वेगळा आणि धंदा वेगळा, त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.
शेवटी प्रत्येकाने डाव्या हाताची बेरीज, उजव्याची बेरीज, फरक काढायचा. डावीकडे जास्त असलेले एका रांगेत, उजवीकडचे दुसऱ्या रांगेत, दोन्ही रांगांची बेरीज सारखी. हीच तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स. पहिल्यांदा जुळते तेव्हा मुलं खरंच ओरडतात.
आणि जमलं तर बँकेचं वेगळं टेबल लावा. आपण पैसे भरले की आपल्या वहीत बँक नावे आणि पासबुकात मात्र "जमा", यात किती मुलं वर्षानुवर्षं अडकतात. दोन टेबलांवर दोन वह्या ठेवल्या की कळतं, पासबुक म्हणजे बँकेची वही, तिथे आपण देणारे.

गाळलेल्या_नोंदी:
मस्त आहे हे. पण स्पष्ट सांगू का, पेपरात नाटक करायला येत नाही, फॉरमॅट आणि सराव लागतो, आणि ४० मिनिटांत दहा व्यवहार होणार असतील तर पोर्शन कधी संपवायचा? आधी नियम पक्के, मग खेळ, असं माझं मत.
माझी एक गोष्ट मात्र चालते. मी चुका पेरलेली वही देतो. ५४० चे ४५० झालेत, फरक ९०, त्याला ९ ने भाग जातो म्हणजे आकडे उलटे पडल्याची शंका घ्यायची. कुठे ३०० चुकीच्या बाजूला टाकलेत, फरक ६००, त्याचं निम्मं शोधायचं. पोरं डिटेक्टिव्हसारखी लागतात. आणि शेवटची वही अशी की तेरीज चोख जुळते पण मशीनच्या दुरुस्तीचा खर्च मशीन खात्यात घातलाय आणि एक उधारीची विक्री लिहिलेलीच नाही. तेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर हा भ्रम त्या दिवशी जातो.

जुनी_रोजकीर्द:
@गाळलेल्या_नोंदी पहिले दोन तास जातात हे खरं, पुढे वाचतात. आणि आधी नियमच असं काही नसतं हो, लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या गणिताच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची) लिहिली, पण व्यापारी ती त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. आधी व्यवहार, मग नियम 🙂 तुमची जुळणारी चुकीची वही मात्र मी ढापणार.

गल्ला_रिकामा:
मी शिक्षक नाही, धंदा काढून एकदा तोंडावर पडलेलो माणूस आहे, अधूनमधून मुलांशी बोलायला जातो. मला धंद्याआधी हे एक कोणीतरी करून दाखवायला हवं होतं: नफा आणि रोकड वेगळी.
खेळातल्या नोटा द्या, प्रत्येक ग्रुपला १०,०००. माल घेतला ८,००० चा रोखीने, सगळा विकला १२,००० ला पण उधारीवर, भाडं १,५०० रोख. आता नफा काढायला लावा, २,५००, टाळ्या. मग नोटा मोजायला लावा. ५०० उरतात. आणि लगेच म्हणायचं, पुढच्या महिन्याचं १,५०० भाडं आणा. जी शांतता पसरते ना तिथेच उधारी किती दिवसांची द्यायची, आगाऊ काय मागायचं, ही चर्चा सुरू होते, वेगळं लेक्चर लागत नाही.
दुसरं डिस्काउंटचं. स्थिर खर्च ६,०००, नगाची किंमत ५०, नगामागे खर्च ३०, म्हणजे नगामागे २० सुटतात, ३०० नग विकले की ना नफा ना तोटा. आता कोणीतरी म्हणणारच "१० टक्के सूट देऊ, गर्दी होईल". किंमत ४५, सुटतात १५, आता ४०० नग लागतात. १० टक्के सुटीसाठी एक तृतीयांश जास्त विक्री! हे त्यांनी स्वतः काढलं पाहिजे, फळ्यावर तुम्ही नाही.
कॉपी फायलींवर उपाय म्हणजे फाइलच मागू नका. धंद्याची कल्पना एका पानावर मांडायचा नऊ चौकोनांचा तो बिझनेस मॉडेल कॅनव्हास असतो, त्यातले सुरुवातीला तीनच भरायला लावा, गिऱ्हाईक कोण, त्याला काय देणार, पैसे कुठून येणार. मग दहा माणसांशी बोलून यायचं, आणि "तुम्ही हे घ्याल का" हा प्रश्न बंद, त्याला सगळे तोंडदेखलं हो म्हणतात. "मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केलंत, किती खर्च आला" हे विचारायचं. ती उत्तरं नेटवर मिळत नाहीत.

तेरीज_जुळेना:
सगळ्यांचे आभार. आज चिठ्ठ्यांचा प्रयोग करून बघितला. गोंधळ तुफान, शेजारच्या वर्गातून तक्रार आली, पाचच व्यवहार झाले आणि तेरीज ५० ने चुकली कारण एकाने तुकडा खिशात घातला होता. पण कधी तोंड न उघडणारी एक मुलगी धनको झाली होती, ती उठून म्हणाली सर माझे पैसे अजून कोणी दिलेच नाहीत. गल्ला_रिकामा यांचा नोटांचा खेळ पुढच्या आठवड्यात.
एक अडलं. घसारा, म्हणजे वापरून मशीनची किंमत कमी होते ते, आला की कोण कोणाला देणार? मुलांनी विचारलं आणि मी उद्या सांगतो म्हणून सुटलो.

जुनी_रोजकीर्द:
मशीन तुकडा फाडतं, घसारा घेतो. आणि रोख झालेल्या मुलाला त्या वेळी मुद्दाम उभं करा. तो हात पुढे करून थांबेल, त्याच्याकडे कोणी येणार नाही आणि त्याचंही काही जाणार नाही. का, ते मुलांनाच विचारा.