मदत हवी आहे: स्कुबाच्या फॉर्मवर दमा लपवायला सांगतायत

पुढच्या महिन्यात बेटावर सुट्टीला जातोय. मी आणि बायको पहिल्यांदाच स्कुबा डाइव्ह (हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) करणार, इन्स्ट्रक्टरसोबतचा, १२ मीटर खोलीच्या आतला. ॲडव्हान्स भरून झालाय.

अडचण फॉर्मची आहे. त्यात दम्याचा प्रश्न आहे. बायकोला लहानपणी दमा होता. गेली ४ वर्षं पंप लागलेला नाही. ऑपरेटरला तसं कळवलं, तर फोनवरचा माणूस म्हणाला, "सगळीकडे ‘नाही’ लिहा, सगळे तेच करतात." ऐकूनच धस्स झालं. दम्यामुळे हवा फुप्फुसात अडकली आणि माणूस पाण्यातून वर आला तर ती हवा प्रसरण पावून फुप्फुसाला इजा होऊ शकते, हे त्याला माहीत असायलाच हवं! बोटीवर ऑक्सिजन असतो का, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, तेही विचारलं. "काळजी करू नका," एवढंच उत्तर.

खोटं लिहायचं नाही, हे पक्कं आहे. आमचे डॉक्टर म्हणाले, छातीच्या डॉक्टरांना दाखवा. पोहता दोघांनाही येतं, आणि डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, पण आमचं विमान दीड दिवसाने आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

पूर्वी दमा असूनही कुणी रीतसर डाइव्ह केलंय का? स्पायरोमेट्रीशिवाय (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजतात ती) आणखी कोणती तपासणी सांगितली, आणि डॉक्टरांचं पत्र दाखवल्यावर ऑपरेटरने पाण्यात उतरू दिलं का?