फोन चोरीला गेल्यावर: थोडी भर

वर एकांनी दादरला गर्दीत फोन मारला गेल्याचं लिहिलंय आणि "आता काय, गेला तो गेलाच" असा सूर आहे. तसं सोडून देऊ नका, प्लीज.

आधी बँकेला कळवून यूपीआय बंद करा आणि सिम ब्लॉक करा. मग पोलिसांत तक्रार. चोरी लोकलमध्ये किंवा फलाटावर झाली असेल तर ती लोहमार्ग पोलिसांकडे जाते. नंतर सरकारचं 'संचार साथी' संकेतस्थळ उघडा. तिथे तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि फोनचा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, दिला की तो हँडसेट देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो. त्यात कुणी दुसरं सिम घातलं तर माग लागू शकतो.

माझ्या भाच्याच्या वेळी खरी दमछाक त्या आकड्याने केली. बिल सापडेना. शेवटी माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलाखाली रिकामा खोका मिळाला. त्याच्या बुडाच्या स्टिकरवर दोन नंबर होते, कारण दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. दोन्ही भरायचे.

ओटीपी लागतो, म्हणून त्याच नंबरचं सिम परत घ्यावं लागतं. नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, तेव्हा सिमसाठी मोबाइल कंपनीच्या गॅलरीत (दुकानात) धावपळ चोरीच्याच दिवशी करा.

'संचार साथी'वरच आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत तेही दिसतं. ते सगळ्यांनी आजच बघा, आईवडिलांचंही.