पणती उलटी केली की कुंभार दिसतो. जग उलटं केलं तर?

चाकावरची माती (खानापूर): काल गल्लीतल्या गप्पांत एका मास्तरांनी उदयनाचार्य काढले. दहाव्या शतकातला हा नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा तर्कपंडित, 'न्यायकुसुमांजली'त म्हणतो, जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता असतो, जसा घड्याला कुंभार. म्हणून जगालाही कर्ता, तोच ईश्वर. मास्तरांच्या मते हा पक्का निगामी तर्क: आधीची दोन विधानं मानली की तिसरं टळत नाही.

टळत नाही, कबूल. पण 'प्रत्येक कार्याला कर्ता असतो' हे कळलं कुठून? घडे बघूनच ना? म्हणजे पाया विगामी, चारांवरून सगळ्यांवर उडी. आमच्याकडची पणती उलटी करून बघा. चाकावरून दोऱ्यानं कापल्याची रेघ दिसते. ती बघून मी कुंभार ओळखतो, कारण तो दोरा फिरताना लहानपणापासून पाहिलाय. जग कापताना कोण हजर होतं?

निपाणीकर: काय ओ, डोंगरावर धूर दिसला की आग आहे म्हणता, तेव्हा वर चढून बघता काय? घरातल्या चुलीवरनंच ओळखता की. विगामी म्हणून टाकून द्यायचं ठरलं तर तुमची चूलपण विझली.

सदलग्याची लेक: दादा, चूल हजारदा पाहिलीय, धूर आणि आग दोन्ही एकत्र. जगं किती पाहिलीत? एकच, तेही आतून. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमच्या १७७९ साली छापलेल्या संवादांत ही हरकत आहे. त्याच्या हजारेक वर्षं आधी बौद्ध धर्मकीर्तीनं विचारलं होतं, घडा मातीचा नि कुंभारानं केला, मग वारूळही मातीचं म्हणून तेही कुंभारानंच केलं काय? मला यापेक्षा नेमका प्रश्न माहीत नाही. आणि कर्ता नाही म्हटलं की लगेच नास्तिक ठरवू नका. आम्ही जैन. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, रोज जातो, अनुमान मानतो, जगाचा कर्ता मात्र मानत नाही.

वडगावची वहिनी: त्याच वारुळाला आम्ही नागपंचमीला दूध घालतो. कुणी केलं ते विचारून नाही घालत हो.

निपाणीकर: वहिनी, ते वेगळं. ताई, नैयायिकांकडं याला उत्तर आहे. वारूळ, गवत, डोंगर यांना कर्ता आहे की नाही हाच तर वाद. वादातलीच वस्तू उलटा दाखला म्हणून कशी चालेल? वादाबाहेरची एक वस्तू दाखवा, जिला कर्ता नाही हे दोघांनाही मान्य आहे.

चाकावरची माती: हे सोयीचं झालं. कर्ता नसलेलं जे जे दाखवू ते वादात ढकलायचं, मग राहतात फक्त घडे! यापेक्षा अकराव्या शतकातला ख्रिस्ती पंडित अन्सेल्म परवडला. तो घड्याकडं बघतच नाही. ज्याहून थोर काही कल्पताच येत नाही तो ईश्वर. तो नुसता मनात असेल तर त्याहून थोर, खराखुरा असलेला, कल्पता येईल. म्हणून तो आहेच. निव्वळ निगामी. त्याच्याच काळातल्या गॉनिलो नावाच्या ख्रिस्ती साधूनं मात्र त्याच चालीनं सगळ्यांत उत्तम बेट 'सिद्ध' करून दाखवलं.

सदलग्याची लेक: निपाणीकर, एकच सांगा. काय बघितलं म्हणजे 'माझं चुकलं' म्हणाल?

निपाणीकर: खरं सांगू? सुचत नाही. धूर नि आगीचं विचारलं असतंत तर लगेच सांगितलं असतं. रात्री विचार करतो.

वडगावची वहिनी: जेवून करा.