एकाच चर्चच्या भिंतींत चार-पाच शतके कशी? बार्टनच्या सेंट पीटर्सविषयी प्रश्न

नौपाडाकर (ठाणे)

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये असून तिने लिंकनशरमधील बार्टन-अपॉन-हंबर या गावच्या सेंट पीटर्स चर्चची बरीच छायाचित्रे पाठवली आहेत. मनोरा सॅक्सन काळातला, म्हणजे नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले त्याच्याही आधीचा, असे तिथे सांगितले जाते. मुख्य दालनातल्या कमानी मात्र टोकदार आहेत आणि त्यांच्यावरच्या खिडक्यांची घडण आणखी निराळी दिसते. बांधकामाचा शिलालेख नसताना मनोऱ्याचा काळ कशावरून ठरवला असेल? केवळ शैलीवरून म्हणावे, तर नंतरच्या एखाद्या गवंड्याने जुन्या वळणाने काम केलेच नसेल, अशी खात्री कोण देणार? मासुंदा तलावाजवळच्या आपल्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चसारख्या इमारतीला ही पद्धत लागू पडते का, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

दगडचुना (वाशी)

आपण नेमक्या इमारतीविषयी विचारले आहे, कारण सॅक्सन बांधकाम ओळखण्याच्या पद्धतीत याच मनोऱ्याला मानाचे स्थान आहे. थॉमस रिकमन या वास्तुविशारदाने १८१७ मध्ये इंग्लंडच्या मध्ययुगीन वास्तूंचे नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर असे शैलीवार वर्गीकरण मांडले, आणि त्यानंतर थोड्याच काळात बार्टनचा मनोरा सॅक्सन असल्याचे दाखवून दिले. त्याचा युक्तिवाद साधा होता. मुलीने पाठवलेले मनोऱ्याचे बाहेरचे छायाचित्र मोठे करून पाहा. खालच्या मजल्यावर भिंतीतून किंचित पुढे आलेल्या दगडी पट्ट्या असून त्या वर अर्धवर्तुळाकार कमानींनी जोडल्या आहेत. त्यावरच्या टप्प्यात त्याच पट्ट्यांना कमानीऐवजी त्रिकोणी माथे आहेत. आणि सर्वांत वर घंटेचा मजला आहे, ज्याची घडण नॉर्मन वळणाची आहे. आता वरचा मजला खालच्याच्या आधी बांधता येत नाही. तो नॉर्मन विजयाच्या सुमाराचा असेल, तर खालचे वेगळ्या हाताचे काम त्याच्या आधीचे असणारच. म्हणजे इथे निर्णय शैलीने दिलेला नाही. तो कोणता थर कशावर बसला आहे, यावरून लागला आहे. आपली शंका रास्तच आहे आणि तिचे उत्तर मला तरी यातच दिसते. जुन्या वळणाची नक्कल करणारा गवंडी कमानीचा आकार हुबेहूब उतरवील, पण आपले काम आधीपासून उभ्या असलेल्या भिंतीच्या खाली कसे सरकवणार?

पॅरिश चर्च, म्हणजे गावाचे स्थानिक चर्च, वाढत कसे गेले, हेही लक्षात घ्यावे. वस्ती वाढली, श्रीमंती आली, की मुख्य दालनाच्या लांब भिंती फोडून त्यांत कमानींची रांग बसवायची आणि बाहेरच्या बाजूने पडव्या काढायच्या, हा नेहमीचा मार्ग होता. त्यामुळे कमान चौदाव्या शतकातली आणि तिच्या माथ्यावरची भिंत दोनशे वर्षे जुनी, असा उलटा प्रकारही सर्रास आढळतो, आणि नवशिका तिथेच फसतो. म्हणून शिल्पकामाआधी सांधे पाहावेत. भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा दिसला, किंवा कोपऱ्याचे मोठे घडीव दगड भिंतीच्या मधोमध अडकलेले दिसले, तर पूर्वी इमारत तिथे संपत होती, असे समजावे. मनोऱ्याच्या दालनाकडील बाजूवर कधीकधी उलट्या ‘व्ही’सारखी रेघ असते. ती पूर्वीच्या, अधिक उतरत्या छपराची खूण.

खर्चाची वाटणीही यात डोकावते. तेराव्या शतकापासून वेदीकडच्या भागाची डागडुजी रेक्टरकडे (म्हणजे चर्चचे उत्पन्न घेणाऱ्या धर्मगुरूकडे किंवा संस्थेकडे) आणि मुख्य दालनाची गावकऱ्यांकडे, अशी रीत इंग्लंडमध्ये रूढ झाली. रेक्टरपद दूरच्या मठाकडे असले, की मठ आपल्या भागाला हात लावीत नसे आणि गावकरी मात्र हौसेने दालन उंचावत. दोन्ही भागांत दोन शतकांचे अंतर दिसल्यास शैलीआधी खर्च कोणी केला ते विचारावे, असे माझे मत आहे.

खारघरची वाचक

वरील विवेचनाला पुरातत्त्वाची जोड देते. १९७२ मध्ये सेंट पीटर्सचा नित्य वापर थांबला, कारण गावात जवळच सेंट मेरीज हे दुसरे चर्च होते. त्यामुळे जमिनीखाली पद्धतशीर उत्खनन करणे शक्य झाले. वॉरिक रॉडवेल यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ ते १९८४ या काळात हे काम चालले. आजच्या दालनाच्या फरशीखाली सॅक्सन वेदीगृहाचा पाया मिळाला आणि मूळ चर्चचा आराखडा स्पष्ट झाला: मधला मनोरा हेच मुख्य दालन, पूर्वेला लहानसे वेदीगृह आणि पश्चिमेला एक खोली. आज अवाढव्य वाटणाऱ्या इमारतीचा आरंभ इतका आटोपशीर होता.

याच उत्खननात सुमारे २,८०० दफने मिळाली. काळ ठरवण्यास ती फार उपयोगी पडतात. पायाच्या चराने एखादी कबर कापली असेल, तर कबर भिंतीच्या आधीची; उलट, कबरीच्या खड्ड्याने जुना पाया तोडला असेल, तर ती नंतरची. जमीन पाणथळ असल्याने काही लाकडी शवपेट्याही टिकल्या. अभ्यासासाठी बाहेर नेलेल्या अस्थी पुढे परत आणून चर्चमध्येच जपून ठेवल्या आहेत, ही गोष्ट मला विशेष आवडली.

शके ९८२ (अंबरनाथ)

माझे सदस्यनाम पाहून हसू नये, पण तुलनेसाठी आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलाहार राजा मम्वाणीच्या लेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आहे. ते पूर्वी ७८२ असे वाचले गेले होते. नंतर भगवानलाल इंद्रजींनी वाचन सुधारले. तेव्हा लेख असला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. मात्र ते मंदिर भूमिज शैलीत एका आराखड्यानुसार उभे राहिल्यामुळे लेखाचे वर्ष बहुतांशी साऱ्या वास्तूला लागू पडते. पॅरिश चर्चला ही सवलत नाही.

योगायोग असा की, यॉर्कशरमधील कर्कडेलच्या चर्चवर जवळपास त्याच वर्षांचा लेख आहे. एका दगडी सूर्यघड्याळावर, गॅमलचा मुलगा ऑर्म याने मोडून पडलेले चर्च विकत घेऊन पायापासून नव्याने बांधवले, एडवर्ड राजा आणि टॉस्टी अर्ल (प्रांताचा सरदार) यांच्या दिवसांत, असे कोरले आहे. टॉस्टी अर्लपदावर १०५५ ते १०६५ या काळात होता, त्यामुळे दहा वर्षांच्या आत काळ निश्चित होतो. आता ‘मोडून पडलेले’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. लेखच सांगतो की तिथे त्याआधीही चर्च होते.

दगडचुना (वाशी)

नौपाडाकर, ठाण्याच्या चर्चचा प्रश्न राहिलाच होता. पद्धत तीच लागू पडते, परंतु नांदत्या आणि गिलावा केलेल्या वास्तूत सांधे दिसत नाहीत. एसेक्समधील रिव्हनहॉलचे चर्च बाहेरून एकोणिसाव्या शतकातले वाटे. १९७० नंतरच्या दुरुस्तीत गिलावा निघाला तेव्हा आत सॅक्सन भिंती आणि खिडक्या सापडल्या. म्हणून दुरुस्तीच्या काळातच, परवानगी घेऊन, छायाचित्रे काढून ठेवणे महत्त्वाचे ठरते. तोवर सराव करायचा असल्यास वसईच्या किल्ल्यात जावे. तिथल्या सेंट जोसेफ चर्चचे छप्पर गेलेले असल्याने भिंती उघड्या आहेत. ते चर्च सोळाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले, पण त्याच्या दारावरचा लेख १६०१ सालचा असून तो नूतनीकरणाविषयी आहे. तो वाचून झाल्यावर लेखाचे दगड आणि शेजारचे दगड एकाच वेळी बसवलेले दिसतात का, हे पाहून इथे कळवावे.

नौपाडाकर (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मनोऱ्याच्या दालनाकडील बाजूचे छायाचित्र मुलीकडून मागवले आहे. मिळताच इथे लावतो. पाऊस ओसरल्यावर वसईला जाण्याचा विचार आहे. कोणी सोबत येणार असल्यास कळवावे.