भरवशाच्या मशीनलाही पासवर्ड मागायचा का?

रात्रपाळी: बॅकअपचे रिपोर्ट पाठवणाऱ्या एका मशीनला आमचा पोस्टफिक्स (मेल सर्व्हर) 'रिले अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणत होता, म्हणजे त्याचे मेल बाहेरच्या डोमेनकडे पुढे पाठवायला (रिले करायला) नकार देत होता. सहकाऱ्याने 'मायनेटवर्क्स'मध्ये, म्हणजे पासवर्डशिवाय रिले मिळणाऱ्या आयपी पत्त्यांच्या यादीत, अख्खं /२४ (पत्त्यांचा सलग गट) टाकलं. मेल सुरू झाले, पण एका मशीनसाठी २५६ पत्त्यांना दार उघडलं! माझं मत ठाम आहे: आयपी बघून रिले देणं बंदच करा. प्रत्येक मशीनला वेगळं खातं, ५८७ पोर्ट (लॉगिन करून मेल पाठवण्याचा), टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन). १९९८ साली सेंडमेल या मेल सर्व्हरच्या ८.९ आवृत्तीने रिले डिफॉल्टने बंद केला तो उघड्या रिलेचा (कोणाचेही मेल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरचा) स्पॅमसाठी वापर होत होता म्हणून. ते दार आपणच पुन्हा का उघडतोय?

जुनाखांब: /२४ चूकच, तिथे /३२ (एकच पत्ता) हवं होतं. पण म्हणून ही सोयच काढून टाकायची? जुन्या स्कॅनरला ऑथेंटिकेशन (लॉगिन) येत नाही, आलं तरी त्याचं टीएलएस इतकं जुनं असतं की नवा सर्व्हर हँडशेकच (सुरक्षित कनेक्शनची सुरुवातच) नाकारतो. शिवाय तुमचा पासवर्ड त्याच मशीनवरच्या फाइलमध्ये पडून राहणार. मशीन फुटलं की तोही गेला. मग जास्तीचं काय मिळवलं?

रात्रपाळी: लॉगमध्ये खात्याचं नाव मिळतं आणि तेवढंच खातं बंद करता येतं. त्याहून मोठा मुद्दा रेट लिमिटचा, म्हणजे ठरावीक वेळात किती मेल पाठवता येतील या मर्यादेचा. पोस्टफिक्समध्ये तुम्ही कितीही कडक मर्यादा लावा, 'मायनेटवर्क्स'मधल्या पत्त्यांना तिच्यातून डिफॉल्टने सूट असते. म्हणजे भरवशाचं मशीन बिघडलं तर त्यालाच मोकळं रान.

पोर्टपंचवीस: कंटेनरवाल्यांनी (डॉकरसारख्या सॉफ्टवेअरने सर्व्हर वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्यांनी) तर फारच जपावं. पोस्टफिक्स डॉकरमध्ये असेल, तर काही रचनांमध्ये बाहेरून आलेलं प्रत्येक कनेक्शन १७२.१७.०.१ या गेटवेकडून आल्यासारखं दिसतं. तो पत्ता यादीत असला की सगळं जग भरवशाचं! मी हे स्वतः भोगलंय. सकाळी रांगेत हजारो मेल आणि आमचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये. यादीला हात लावलात की बाहेरच्या नेटवर्कवरून पोर्ट २५ला (सर्व्हर मेल घेतो त्या पोर्टला) टेलनेटने हाताने जोडून, परक्या डोमेनचा पत्ता देऊन बघाच; नकार आला पाहिजे.

जुनाखांब: सुटीचा मुद्दा मान्य. मर्यादेतून सूट असलेल्यांची यादी वेगळी रिकामी करता येते, मी आजच करतो. स्कॅनर मात्र /३२वरच राहील, आणि त्याला फक्त आमच्याच डोमेनवर पाठवता येईल असं बांधून टाकतो. बॅकअपच्या मशीनला खातं द्या, तिथे माझी हरकत नाही.

रात्रपाळी: आपल्याच डोमेनवर पाठवायचं असेल तर स्कॅनरला रिले लागतच नाही. 'मायनेटवर्क्स'मधून काढूनच बघा ना.