टेंगूळ आलेलं सहा दिवसांचं पिल्लू आईपासून उचलायचं का? माझं मत: नाही

शाहूपुरीकर:
आमच्या गल्लीतली तांबडी कुत्री जिन्याखाली व्यालीये, पाच पिल्लं. काल पोरांनी एक बघायला उचललं आणि दुसऱ्या पायरीवर हातातनं सटकलं. कपाळावर हरभऱ्याएवढं टेंगूळ, जरा खरचटलंय. जोरात कोकललं, पण आईजवळ ठेवल्यावर पाचेक मिनिटांत लुचायला लागलं. शेजारच्या काकू म्हणतात घरात घ्या, ड्रॉपरनं गाईचं दूध पाजा, नायतर पाप लागेल. मी म्हणतो ही माया नाही, हे मारायचं काम आहे. लुचतंय ना, मग राहू दे आईपाशी.

करंज्याची ताई:
दादा, लुचतंय म्हणजे बरंय असं नसतं हो. दोन वर्षांपूर्वी आमच्या बोळात अस्संच पडलेलं, आम्हीपण म्हटलं आई बघेल, सकाळी बघते तर चौघं पोटाशी आणि ते एकटं भिंतीकडं थंडगार पडलेलं. कुत्री कमजोर पिल्लाला बऱ्याचदा बाजूलाच सारते. डोक्याच्या आतला मार वरनं दिसत नाही, मी तर उचललंच असतं.

कोरेगावचा गोठेवाला:
आवं काय होत न्हाय, हळद लावा आन बर्फ फिरवा टेंगळावर. आमच्या गोठ्यात दरसाली कुत्री वितीया, कुणी डॉक्टर आणलाय?

शिरवळचा विद्यार्थी:
बर्फ अजिबात नको काका!! मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला शिकतो, अजून डॉक्टर नाही, पण हे सांगतोच. एवढ्या पिल्लाला नीट कुडकुडतासुद्धा येत नाही, अंगाची ऊब आई आणि भावंडांचीच. पहिल्या आठवड्यात अंग साधारण ३५ ते ३७ अंश असतं, त्याखाली गेलं की आतडं थंडावतं, अशा गार पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, फुफ्फुसात जायची भीती वेगळीच. म्हणून गार लागलं तर आधी हळूहळू ऊब, मग दूध. हळद आई चाटून टाकेल. क्रोसिन-कॉम्बिफ्लाम तर घरातलं कुणी सुचवलं तरी देऊ नका, विष आहे त्यांना. आणि टेंगूळ दाबून बघू नका, काही पिल्लांची टाळू भरलेली नसते.

ताईंचं अर्धं बरोबर आहे. डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात, त्यामुळं माणसासारखं बुबुळं बघून काही कळणार नाही. लुचणं सुटलं, सारखं कण्हत राहिलं, अंग ढिलं पडलं, झटके आले, नाकाकानातनं रक्त आलं किंवा टेंगूळ वाढत गेलं तर मग आईबिई काही नाही, सरळ डॉक्टरकडं. जाताना कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा.

करंज्याची ताई:
हे सगळं रात्री अडीचला जिन्याखाली कोण बघणार? म्हणूनच म्हणतेय घरात घ्या.

शाहूपुरीकर:
घरात घेतलं की दर दोन-तीन तासांनी पाजायचं, ओल्या कापसानं पुसून शी-शू करवायची, आणि गाईच्या दुधानं हगवण लागली की परत आपलीच धावपळ. काकू एक रात्र करतील हो, तिसऱ्या रात्री कोण? त्यापेक्षा अलार्म लावून खाली जाणं परवडलं. काकूंचं अजून एक, माणसाचा वास लागला की आई टाकते म्हणे. हिनं तर माझ्या हातातनं घेतलं आणि चाटून काढलं.

कोरेगावचा गोठेवाला:
बर्फाचं चुकलं माझं. पन ताई, पाजायचीच येळ आली तर पालथं धरून पाजा, बाळावानी उताणं न्हाय, आमी त्यातच एक घालवलंय.

करंज्याची ताई:
मला पटलं नाही अजून. निदान वजन तरी करा, रोज वाढलं नाही तर तुमचं 'आई बघेल' तिथंच संपलं.

शाहूपुरीकर:
केलं. बायकोच्या किचनच्या काट्यावर, खाली रुमाल घालून (बायको बोलत नाहीये माझ्याशी). काल रात्री ४१० ग्रॅम, आज सकाळी ४२२. टेंगूळ तेवढंच आहे. रात्री तीनदा खाली गेलो, दोनदा पोटाशी होतं, एकदा बाजूला सरकलेलं, मीच उचलून मधे सारलं.

करंज्याची ताई:
बघा, सरकलेलं होतंच ना!